आबा सुभेदारांची बारा बोअर

आमच्या गावच्या शिंप्यानं आजवर एकाच बंदुकीचं माप घेतलंय. ती आबा सुभेदारांची. थंडी सुरू झाली तसे आबा आपली बारा बोअरची दुनळी घेऊन त्याच्या दुकानात गेले आणि फौजेतल्या जुन्या कांबळ्याची तिला खोळ शिवायला सांगितली. वर गुंड्या, आतून अस्तर. शिंपी घाबरून टेप लांबूनच धरत होता.

"भरलेली न्हाई रं. नीट घे माप," आबा म्हणाले. "ढगळ झाली तर परत उसवाय लावीन."

कोरेगावच्या अलीकडं आमची दोघांची शेतं बांधाला बांध लागून आहेत. रानडुकरांसाठी दोघांकडंही परवान्याची बंदूक. माझी वडिलांकडून आलेली. तिच्या लाकडी दस्त्याला चीर गेलीय, म्हणून तार गुंडाळलेली. बार उडाला म्हणजे बंदूक चांगली, अशा समजुतीत मी सुखी होतो. मग आबा सुभेदार होऊन फौजेतून परतले आणि माझं सुख संपलं.

आधी अक्रोडाचा नवा दस्ता आला. सांगलीच्या बंदूकवाल्याकडून बसवून आणलेला, तोंड दिसावं असं पॉलिश. आबांनी मला बांधावरून हाक मारून घरी नेलं. "हात फिरव विलास. फिटिंग बघ, फिटिंग." मी हात फिरवला, आणि त्या दिवशी मला जेवण गोड लागलं नाही.

मग दस्त्याच्या बुडाला धक्का झेलणारं रबरी पॅड आलं. मग चामड्याचा पट्टा. नळीच्या टोकावर नेम धरायला पितळेची माशी असते, ती काढून आबांनी लाल चमकणारा मणी बसवला. "दिवस बुडाला तरी दिसतोय बघ." दर वेळी हाक यायची, दर वेळी मी जायचो, आणि तोंड कडू करून परत यायचो. बायको म्हणायची, "जळफळाट होतो, तर जाता कशाला?" पण न बघता राहवायचं नाही.

शेवटी मीही मोबाईलवरून एक पॅड मागवलं. ते माझ्या दस्त्यापेक्षा मोठं निघालं. परत पाठवायची लाज वाटली, म्हणून सायकलच्या ट्यूबनं आवळून बसवलं. आबा बांधावर आले, वाकून बराच वेळ बघत राहिले.

"मागच्या चाकाची दिसतीया ट्यूब," एवढंच म्हणाले.

माझ्या मनाला समाधान एकच होतं. आबांची बंदूक कधी उडत नव्हती. एकदा डुकरं त्यांच्या भुईमुगात शिरली, तेव्हा आबा नळीला बॅटरीचा क्लॅम्प आवळत बसले होते. क्लॅम्प बसेपर्यंत डुकरांनी वाफा उकरून संपवला आणि माझ्या रानाकडं वळली. मी हवेत बार काढून हाकलली. आबा म्हणाले, "तुझ्या बंदुकीचा आवाज जुना वाटतोय गड्या."

पुढं निवडणूक लागली आणि परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायचा हुकूम आला. माझ्याच मोटारसायकलवर मागं बसून आबा आले. ठाण्यात हवालदारानं कांबळ्याच्या गुंड्या सोडल्या आणि सगळे भोवती गोळा झाले. खुद्द हवालदारानं ती खांद्याला लावून बघितली. माझी बंदूक उलटीपालटी करून त्यानं विचारलं, "ही चालते का?" येताना वाटेत मी आबांशी एक शब्द बोललो नाही. ते मागून बंदुकीला कुठलं तेल मानवतं ते सांगत होते.

त्यानंतर मी त्यांच्याकडं फिरकलो नाही. बघण्यासारखं तिथं काही नव्हतं. आता दोघांचेही हात मोकळे, याचं मला बरंच वाटत होतं.

एका संध्याकाळी आबा आमच्या दारात उभे राहिले. याआधी ते कधी घरी आले नव्हते. बायकोनं खुर्ची टाकली. ऊसतोडीचं बोलले, कॅनॉलच्या पाण्याचं बोलले. चहा संपला तरी उठेनात.

"विलास, बंदुका कवा मिळतील रं माघारी?"

"निकाल लागल्यावर. का हो आबा, डुकरं आली का?"

"न्हाई, डुकरं कुठली." त्यांनी रिकामा कप बशीत फिरवला. "बंदूक घरात असली की कोणतरी बघाय येतं. पट्टा आणला तवा आलास. मणी बसवला तवा आलास. दावायला काय नसलं, तर माणसाला हाक मारायची कशी?"

आबा रिटायर झाले त्याच वर्षी त्यांच्या घरच्या काकू गेल्या. मुलगा-सून पुण्यात. हे गावाला माहीत होतं, मलाही होतं. मी मात्र धरून चाललो होतो की ते मला जळवायला बोलावतात.

दुसऱ्या दिवशी कामं उरकून मी त्यांच्याकडं गेलो. आबा ओट्यावर एकटेच बसले होते. मला बघून गडबडीनं उठले, आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले.

"आज काय बी न्हाई गड्या दावायला," ते दारातून म्हणाले.

"असू द्या की. चहा टाका."

आत भांडं वाजलं, मग त्यांनी विचारलं, "साखर किती घेतोस रं?" इतकी वर्षं बांधाला बांध, पण त्यांना ते माहीत नव्हतं. ते किती घेतात, हे मलाही माहीत नव्हतं.