आंधळगावच्या वेलांटीची मोहीम

स्वस्ति. जिल्हे भंडारा याची वाटणी होऊन गोंदिया निराळा जाहला, त्यास दोन तपे लोटली असतां मौजे आंधळगाव, तालुका मोहाडी, येथे जे घनघोर युद्ध जाहले त्याची हकीकत यथास्मरण लिहितो. अक्षर कमीजास्त पडल्यास वाचणारांनी माफी करावी, कारण की सारी लढाई अक्षराचीच होती.

मौजे मजकुरी कोशाचे, म्हणजे रानरेशमाचे, कापड विणणाऱ्या सतरा बायांचा बचत गट. त्यांत वडीलकीचा मान कुंताबाई निमजे यांचा. त्यांनी चाळीस वर्षे हातमाग चालविला, आणि लुगडी नागपुरास गेली, आणि दर लुगड्याच्या चिठ्ठीवर नाव मात्र व्यापाऱ्याचे गेले. मग गटाने मसलत केली, की नागपुरच्या येत्या प्रदर्शनांत विणणारीचे नाव तिच्या लुगड्यावर, मराठींत, छापोन लावावे. ही कामगिरी रिताबाई सोनकुसरे यांजकडे सोपविली. रिताबाई साकोलीस कॉम्प्युटर शिकोन आलेल्या, उमर तेवीस, बुद्धि तल्लख, मिजास किंचित गरम. त्यांनी स्वहस्ते प्रोग्राम रचिला, आणि सायंकाळी चार वाजता गाडी निघणार, त्या दिवशी सकाळी दहास प्रिंटरास कूच करण्याचा हुकूम दिला.

तो काय! कागदावर नावे नाहीत. सतरा ओळी रिकाम्या चौकटी. कुंताबाईंनी चष्मा पुसोन पाहिले आणि बोलल्या, "रिता, ह्या खिडक्या कोनाच्या होत? माहं नाव कोठी गेलं?"

रिताबाईंचे मुख उतरले. मग त्यांनी प्रोग्रामरांच्या विलायती दरबारी, ज्यास फोरम म्हणतात, तेथे अर्जी गुजारिली. घटकेंत एका अनाम सरदाराचे फर्मान आले, की नावे इंग्रजी अक्षरांत लिहावी, म्हणजे तक्रारच राहात नाही. रिताबाई संतापोन बोलल्या, "तुह्या आजीचं नाव चिनीत छापू का मंग?" परंतु ते टंकिले नाही. मागोमाग दुसरा हुकूम आला, की हा सवाल पूर्वीच विचारिला गेला, सबब दरवाजा बंद. पूर्वीचा सवाल धुंडाळिला, तो सहा वर्षांमागे कोणी गृहस्थ ह्याच संकटी सांपडलेला, आणि खाली त्याच्याच हातचे उत्तर, की जमले, सर्वांचे आभार. कैसे जमले, ते एका अक्षराने लिहिले नाही. त्या समयी रिताबाईंनी त्या गृहस्थास जे आशीर्वाद दिले ते बखरींत लिहिण्याजोगे नाहीत.

तथापि आणखी चार गल्ल्या फिरतां येवढे कळले, की प्रोग्रामास मराठीचा फॉन्ट जोडोन द्यावा लागतो. जोडिला, आणि चौकटी पळाल्या, आणि अक्षरे मैदानी उतरली. परंतु फितुरी जाहली. निमजे यांच्या न ची वेलांटी उडोन म वर बसली आणि नमिजे ऐसे उमटले. गटांतील चंद्रकांताबाईंचे जोडाक्षर फुटोन चंद्‌रकांता जाहली. दोन वाजले. कोणी सल्ला दिला की येवढ्याशा वेलांटीकडे कोण पाहतो, लावा चिठ्ठ्या.

कुंताबाई उठल्या. "चाळीस वर्सं माह्यं लुगडं दुसऱ्याच्या नावानं गेलं. आता ह्या नमिजेच्या नावानं नाही जाऊ देत. बरोबर लिव, नाहीतं माह्यं लुगडं गाडीतून उतरव."

हे ऐकोन रिताबाईंस बहुत लाज वाटली, कारण की बायांस शब्द त्यांनीच दिला होता. मग त्यांनी दरबार सोडिला आणि जी गोष्ट कोणी प्रोग्रामर प्राण कंठी आल्याविना करीत नाही ती केली: प्रोग्राम रचण्याच्या सामानासंगे आलेले, त्यांच्याच कॉम्प्युटरांत दोन वर्षे न उघडलेले माहितीपुस्तक पहिल्या पानापासोन वाचू लागल्या. कुंताबाईंनी चहा आणोन ठेविला; तो निवला. पान दोनशे बारा, तळाशी बारीक अक्षरांत टीप निघाली, की देवनागरी आदिकरून लिपींस अक्षरांची जुळणी लागते, ती मुळांत बंद असते, एक ओळ लिहोन चालू करावी.

"एक ओळ?" रिताबाई म्हणाल्या. "सकाळपासून एका ओळीसाठी मरून राहिली मी!"

जुळणीचे सामान नेटावरून उतरवावयाचे होते, आणि येवढ्या जड सामानास पुरेल इतके नेट घरांत येईना, म्हणोन मोबाइल हाती धरोन त्या घराच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, चढल्या, आणि साडेतीन वाजता सामान दाखल जाहले. ओळ लिहिली. प्रिंटर गुरगुरला. वेलांटी न वर येऊन ठाण मांडोन बसली, जोडाक्षर सांधले, सतरा नावे सतरा चिठ्ठ्यांवर शाबूत उतरली.

कुंताबाईंनी आपली चिठ्ठी घेऊन नावावरून बोट फिरविले. मग म्हणाल्या, "रिता, अजून एक काढ."

"कायले वो काकी? तुमच्या लुगड्याची झाली नं."

"सातबाऱ्यावर माह्यं नाव नाही, मीटरच्या बिलावर नाही. हे एक घराच्या दारावर लावतो."

सबब अठरावी चिठ्ठी छापिली. गाडी चारावर दहा मिनिटांनी नागपुरास रवाना जाहली, आणि अठरावी चिठ्ठी त्याच सांजेस निमज्यांच्या दारी, येणाऱ्याच्या नजरेच्या उंचीवर, भाताच्या खळीने डकविली. फत्ते जाहली. लिहिले तैसे घडले.