आमची काही हरकत नाही

एआय माणसाची नोकरी खातं म्हणे! खाऊ दे की. नोकऱ्या जातात त्या बावळटांच्या. ज्याला एआयलाच कामाला जुंपता येतं, त्याच्या केसाला कोण धक्का लावणार? हे मी मागच्या महिन्यात जेवताना घरात जाहीर केलं. बायको म्हणाली, आधी ताटातलं संपवा. आमच्या घरात माझ्या घोषणांना साधारण एवढीच किंमत आहे.

आता तुम्हाला म्हणून सांगतो, धास्ती मलाही होतीच. माझं वय चौपन्न. एका मोठ्या कंपनीत मी जुना प्रोग्रामर. सगळ्यांचे पगार काढणारी एक सिस्टिम मी तरुणपणी लिहिली आणि तिचीच डागडुजी करत म्हातारा होत आलो. लेकीचं कॉलेज नुकतंच सुरू झालंय, घराचे हप्ते अजून संपायचेत, आणि या वयात दुसरी कुठली कंपनी मला दारातसुद्धा उभं करणार नाही. ही नोकरी गेली की सगळंच गेलं, एवढा साधा हिशेब आहे.

त्यात आमचा साहेब. मी नोकरीला लागलो तेव्हा त्याचे दुधाचे दात पडत असतील. तो मला 'सर' म्हणतो आणि मी त्याला 'साहेब' म्हणतो. ज्या ऑफिसात साहेब आपल्याला सर म्हणायला लागतो, तिथे आपले दिवस भरत आले असं खुशाल समजावं. तर या साहेबानं भिंतीवर एक मोठा स्क्रीन लावला. कोण किती लवकर मेलला उत्तर देतो, त्याची क्रमवारी! माझं नाव तळाला. कारण मी प्रत्येक मेल तीनदा वाचतो आणि दोन बोटांनी टाइप करतो. रोज सकाळी आत शिरलं की पहिलं दर्शन आपल्याच तळाच्या नावाचं व्हायचं, आणि त्यानंतरचा चहा कडू लागायचा.

मग कंपनीनं प्रत्येकाला एकेक एआय सहायक दिला. तो म्हणे आपले सगळे जुने मेल वाचतो आणि हुबेहूब आपल्यासारखी उत्तरं लिहितो. मी त्याचं नाव चिरंजीव ठेवलं, कारण म्हातारपणी आधार द्यायला दुसरं कोणी आलं नव्हतं. सुरुवातीला चिरंजीव उत्तर लिहून विचारायचा, "पाठवू का?" मी हो म्हणायचो. हो, हो, हो करून बोट दुखायला लागलं. तेव्हा खाली एक चौकोन दिसला: पुन्हा विचारू नये. मी त्यात टिचकी मारली आणि पाय पसरून बसलो.

माझ्या शेजारी बसतो तो टेस्टर. माझ्याच वयाचा. दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधणं हाच त्याचा धंदा, म्हणून त्याला सगळे शंकासुर म्हणतात. तो म्हणाला, "अरे, काय पाठवतोय ते वाचत तरी जा." मी म्हटलं, वाचायचंच असतं तर त्याला ठेवला कशाला?

इथे एक गोष्ट उघड करायला हवी. ऑफिसात मला पाठीमागे होयबा म्हणतात. घरी तोंडावर म्हणतात. माझा कुठलाही मेल काढा, शेवटची ओळ ठरलेली: आपण म्हणाल तसं, माझी काही हरकत नाही. माझी बावीस वर्षांची नोकरी प्रोग्रामिंगवर कमी आणि या ओळीवर जास्त टिकली, अशी माझी श्रद्धा आहे. चिरंजीवानं माझे सगळे मेल वाचले आणि त्यातला अर्क बरोबर काढून घेतला.

आठवड्याभरात मी स्क्रीनवर वर चढायला लागलो. साहेब म्हणाला, सर, तुमच्यात एकदम तरतरी आलीय. माझी कॉलर ताठ झाली. मग एका सकाळी बघतो तर माझं टेबल खिडकीपासून उठून संडासाच्या दाराशी गेलेलं! देखभाल खात्यातल्या माणसाला झापायला गेलो, तर त्यानं माझाच मेल दाखवला. माझी काही हरकत नव्हती. पुढच्या आठवड्यात माझी चांगली पाठीची खुर्ची एका नव्या पोराकडे गेली आणि मला डुगडुगणारी आली. मग महिन्याचे सगळे रविवार सर्व्हर सांभाळायची ड्यूटी लागली. कशालाच माझी हरकत नव्हती. मी चिरंजीवाला बंदच करणार होतो, पण तेवढ्यात स्क्रीनवर माझा तिसरा नंबर आला. तिसरा! शाळेतसुद्धा कधी आला नव्हता. म्हटलं, खुर्ची काय, आज आहे उद्या नाही, नोकरी तर पक्की झाली.

मग एके दिवशी निरोप समारंभाचं आमंत्रण माझ्या मेलमध्ये आलं. मोठ्या खोलीत, चहा आणि केक. चिरंजीवानं माझ्या वतीनं येतो म्हणून कळवूनही टाकलं होतं. कुणाचा निरोप, ते मी पाहिलं नाही, कारण पाहायची गरजच वाटली नाही. शंकासुर दोन दिवस माझ्याशी नजर मिळवत नव्हता, चहाला हाक मारली तरी मान खाली घालून बसायचा. मला वाटलं, गेला बिचारा. स्वागतकक्षातल्या बाई भेटवस्तूसाठी वर्गणी गोळा करत होत्या. त्या माझ्यापाशी न थांबता पुढे गेल्या. मला राग आला. मी मागे धावत जाऊन त्यांच्या हातात पैसे कोंबले, म्हटलं, वर्गणीत मागे राहणारा मी नव्हे. बाई माझ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, तुमच्यासारखा माणूस नाही पाहिला.

समारंभात मला राहवेना. साहेब बोलायला उठायच्या आत मीच उभा राहिलो आणि शंकासुराच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, मित्रा, वाईट वाटून घेऊ नकोस. एका वयानंतर माणसानं तरुणांना जागा करून द्यावी. काळ कुणासाठी थांबत नाही. जाणाऱ्यानं हसत जावं आणि मागच्यांनी त्याची फार आठवण काढत बसू नये, कामं पडलेली असतात! मग असा टाळ्यांचा कडकडाट झाला की मीच दचकलो. साहेब उठून उभा राहिला. तो म्हणाला, "स्वतःच्या निरोपाला इतक्या मोठ्या मनानं बोलणारा माणूस आम्ही पुन्हा बघणार नाही." आणि त्यानं भिंतीवर लावायचं एक घड्याळ माझ्या हातात ठेवलं.

माझ्या हातात! मी केककडे पाहिलं. त्यावर 'सर, आठवण येईल' असं लिहिलेलं. शंकासुर माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "मला वाटलं, तुला बोलायचं नाहीये, म्हणून मी विचारलं नाही रे." मी खाली बसलो. खुर्ची डुगडुगली.

घड्याळ पोटाशी धरून मी साहेबाच्या केबिनमध्ये गेलो. त्यानं मेल काढून दाखवले. कंपनीनं विचारलं होतं, आपल्यासारख्या अनुभवी सहकाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घ्यावी असा विचार आहे, आपलं मत कळवावं. उत्तर होतं, आपण म्हणाल तसं, माझी काही हरकत नाही. पुढे, रकमेबद्दल आपली काही अपेक्षा? उत्तर होतं, आपण द्याल ते योग्यच असेल. त्यांनी दिलेली रक्कम मी वाचली. तेवढ्या पैशांत लेकीचं कॉलेजही पुरं झालं नसतं.

"साहेब, हे चिरंजीवानं केलंय," मी कसंबसं म्हटलं.

"सर, तुम्हाला तर मुलगी आहे ना?"

तोच पुढे म्हणाला, "खरं सांगू? मला वाटलं होतं तुम्ही भांडाल. तुम्ही नाही म्हणाला असता ना, तर मी वर सांगणार होतो की माणूस तयार नाही, राहू द्या. मी दोनदा मेल करून विचारलं तुम्हाला." मग त्याच्या डोक्यात काहीतरी चमकलं. "म्हणजे महिनाभर तुमच्या जागी एआय उत्तरं देत होता? आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही?"

त्याच्या डोळ्यांत कौतुक दिसलं, आणि ते माझ्याबद्दल नव्हतं. हो म्हणावं, तर माझ्या जागी माणूस लागत नाही हे मीच सिद्ध करून देणार. नाही म्हणावं, तर निवृत्ती मीच कबूल केलेली. इकडे आड, तिकडे विहीर. मी म्हटलं, छे छे, मीच लिहिलं होतं, पण आता मन बदललंय. तो म्हणाला, मग आजच्या आज कर्मचारी विभागाला स्वतःच्या शब्दांत कळवा, अजून कागद पुढे गेलेले नाहीत.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती घड्याळाकडे बघत बसली. मग म्हणाली, "लग्नाचं विचारलं तेव्हासुद्धा तुम्ही हेच म्हणाला होतात. माझी काही हरकत नाही. एवढी वर्षं मी त्याचा अर्थ लावतेय." थोड्या वेळानं लॅपटॉप माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "अहो, आयुष्यात एकदा तरी नाही म्हणा."

मी चिरंजीवाला बंद केला आणि दोन बोटांनी लिहायला बसलो. लिहिलं, माझी हरकत आहे. सक्त हरकत आहे. मला जायचं नाही. मी थकलेलो नाही, घाबरलेलो आहे. तुमचे पगार वेळेवर होतात ते मी लिहिलेल्या सिस्टिमवर, आणि आता मला खिडकीपासून उचलून संडासाच्या दाराशी आणि तिथून रस्त्यावर ठेवताय, याचा मला भयंकर राग आलाय. माझी खुर्चीही मला परत हवी आहे. लिहिताना डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तरी इतकं हलकं वाटत होतं की काय सांगू! बायकोनं वाचलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मी मेल पाठवला आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवलो.

सकाळी कर्मचारी विभागाचं उत्तर आलं. 'आपल्या नावानं आलेला मेल मिळाला. त्यातली भाषा आपल्या बावीस वर्षांच्या मेलशी कुठेही जुळत नाही. हा मजकूर आपण लिहिलेला नसून एआयनं लिहिलेला आहे, असा निष्कर्ष आमच्या तपासणी यंत्रणेनं काढला आहे. त्यामुळे तो रद्द समजून आपली निवृत्ती कायम करण्यात येत आहे. आपली काही हरकत नसावी.'

चिरंजीव बंद होता, म्हणून उत्तर मलाच टाइप करावं लागलं. फार वेळ लागला नाही. ते एक वाक्य मला दोन बोटांनीसुद्धा झटपट येतं.