फोटोत बाबा हवेत!

"हेड निवडणं म्हणजे पोरखेळ नाही!" चिकित्सकरावांनी जेवता जेवता जाहीर केलं. "जोडीदार निवडण्याइतकीच जोखीम असते त्यात!"

"जोडीदार तुम्ही दहा मिनिटांत निवडला होतात," बायको म्हणाली. "भात वाढू का?"

चिकित्सकराव हे नाव घरच्यांनीच ठेवलेलं. विमा कंपनीत दावे तपासायचं काम. समोरचा माणूस पाय मोडून आला तरी कुठला पाय, कशाने मोडला आणि मोडण्याआधी तो धड होता याला पुरावा काय, हे विचारल्याशिवाय सही करायचे नाहीत. अशा माणसाला दुकानात पाठवलं की काय होणार? साधी बादली घ्यायला गेले तरी दुकानदाराला घाम फुटायचा.

आता घोडं अडलं होतं ट्रायपॉडच्या हेडवर. तीन पायांचं स्टँड घरात होतं, पण त्याच्यावर कॅमेरा धरून ठेवणारं जे हेड, ते मोडलं होतं. नवं कुठलं घ्यावं? एकच स्क्रू सैल केला की हवं तिकडे वळतं ते बॉल हेड, की प्रत्येक दिशेला वेगळी दांडी असलेलं तीन दांड्यांचं? झालं! घरात, ऑफिसात, जिन्यात, भेटेल त्याच्याशी काथ्याकूट सुरू. शेजारी त्यांना लांबून बघूनच कानाला फोन लावायला लागले.

पण यावेळी कारणही तसंच होतं. मुलीला दूरच्या शहरात नोकरी लागली होती आणि तिने बापाकडे एकच गोष्ट मागितली होती.

"बाबा, जाताना मला आपल्या चौघांचा एक फोटो हवाय. कपाटभर अल्बम आहेत आपल्याकडे, पण एकाही फोटोत तुम्ही नाही. कायम कॅमेऱ्याच्या मागे!"

चिकित्सकरावांना हे फार लागलं. खरंच की! पोरगी रांगायला लागल्यापासूनचे फोटो, आणि बापाचा पत्ता नाही. परक्या गावात कुणी विचारलं, "यात तुझे बाबा कुठले?" तर पोरीने काय सांगायचं? त्यांनी ठरवलं, हेड असं घ्यायचं की कॅमेरा आपला आपण फोटो काढेल आणि आपण रुबाबात खुर्चीत बसू!

दुकानदाराने काउंटरवर सगळी हेडं मांडली. चिकित्सकरावांनी एकेक फिरवलं, हुंगलं, कानाशी धरून हलवून पाहिलं.

"साहेब, लेन्स केवढी जड आहे तुमची?" दुकानदाराने विचारलं.

"लेन्सचं सोडा हो! तुम्ही हेडचं बोला!"

दुकानदार बिचारा हेडचं बोलला. दुकान बंद करायची वेळ झाली तेव्हा चिकित्सकरावांनी त्यातलं सगळ्यात छोटं, सुबक बॉल हेड उचललं. दुकानदाराने सुटकेचा असा निःश्वास टाकला की काउंटरवरची बिलं उडाली.

जायचा दिवस उजाडला. खाली टॅक्सी येऊन उभी राहिली. बैठकीच्या खोलीत बायको, मुलगी आणि धाकटा मुलगा निघायच्या तयारीत, बूट-चपला घालूनच खुर्च्यांवर बसले. चौथी खुर्ची रिकामी. चिकित्सकरावांनी कॅमेऱ्याला घरातली सगळ्यात मोठी, दुधाच्या किटलीएवढी लेन्स लावली.

"अहो, केवढी जड ती! छोटी लावा की," बायको म्हणाली.

"छोट्या लेन्सने पोरीचा फोटो? अजिबात नाही! सगळे हसा!"

टायमरचं बटण दाबून चिकित्सकराव धावले आणि खुर्चीत आदळले. कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकू लागला. आणि काय सांगायचं! नमस्काराला वाकावं तसा कॅमेरा हळूहळू, अगदी अदबीने खाली वाकायला लागला.

"बाबा, तो झोपतोय!" धाकटा ओरडला.

"हलू नका! हसत राहा!" म्हणत चिकित्सकराव स्वतःच उठले आणि धावले. खटॅक! फोटोत त्यांच्या शर्टाची दोन बटणं आली.

स्क्रू आवळला. पुन्हा धाव, पुन्हा खुर्ची, पुन्हा कॅमेरा वाकला. यावेळी नुसती फरशी आली. फरशी मात्र फार स्पष्ट आली!

"ताई, उशीर होतोय हां!" टॅक्सीवाला वर येऊन दारात उभा राहिला.

"आलेच दादा! तेवढी ती बॅग घ्या ना," मुलगी म्हणाली. बॅग होती चौथ्या खुर्चीला टेकवलेली.

"हा शेवटचा!" चिकित्सकराव गरजले. बटण दाबलं, निम्म्या खोलीपर्यंत धावले, मागे वळून पाहिलं तर लेन्स पुन्हा खाली! ते तसेच उलटे फिरले. खटॅक!

मग एकच धांदल उडाली. मुलीने कॅमेऱ्यातले फोटो घाईघाईने मोबाइलवर घेतले, आईच्या गळ्यात पडली, बापाला घट्ट मिठी मारली आणि गेली. चिकित्सकराव रिकाम्या खोलीत बसून राहिले. पोरीने आयुष्यात एक फोटो मागितला, तोही आपल्याला जमला नाही. त्यांना रडूच यायचं बाकी होतं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. बायकोने स्पीकर लावला.

"बाबा! शेवटचा फोटो पाहिलात का? नुसते पाय आलेत, पण चौघांचे आलेत! आईचे, माझे, धाकट्याचे आणि तुमचे! अहो, तुम्ही फोटोत आलात! मी तर प्रवासभर तोच बघत बसले होते."

चिकित्सकरावांचे डोळे भरून आले. त्यांनी कॅमेरा सुरू करून तो फोटो पाहिला. खरंच की! चार जोड्या पाय, शेजारी शेजारी. बायकोने चष्मा लावला, फोटो मोठा केला आणि नवऱ्याकडे बघितलं.

"अहो," ती कुजबुजली, "हा चौथा तर टॅक्सीवाला!"

"बाबा, एक बोलू?" तिकडून मुलीचा आवाज कापरा झाला. "तुमचे बूट किती झिजलेत हो! आमच्यासाठी राबताना स्वतःकडे कधी बघितलंच नाहीत. मी तुम्हाला नवे बूट पाठवणार आहे."

"सांगून टाका तिला," बायकोने कोपराने ढोसलं.

आयुष्यभर दुसऱ्यांचे खोटे दावे पकडणाऱ्या चिकित्सकरावांनी घसा खाकरला. पोरीला काय सांगायचं? फोटोत यावेळीही बाप नाही म्हणून?

"बाबा? ऐकताय ना? नंबर काय तुमचा?"

"आठ," चिकित्सकराव म्हणाले. "रंग काळा चालेल."