लाल म्हणजे अर्धी

पिकअपला एकशेवीस लिटरची टाकी बसवली त्या दिवशी त्याने स्टँडवर जाहीर करून टाकलं, की यापुढे माझी गाडी डिझेलवाचून थांबली तर मिशी काढीन. त्याला मिशी नव्हती. पण मुद्दा पोचला.

स्टँडवर त्याला सगळे ठणठण म्हणायचे. कारण उघड होतं. मूळची टाकी साठ लिटरची, पण ती भरायची आठवण याला नेहमी गाडी थांबल्यावर व्हायची. धंदा काय, तर हॅचरीतून एक दिवसाची कोंबडीची पिल्लं उचलायची आणि एकशेसाठ किलोमीटरवरच्या शेडवर पोचवायची. पुठ्ठ्याचे चाळीस खोके, प्रत्येकात शंभर पिल्लं. गाडी पळत असली की वारा लागतो, पिल्लं खूश. गाडी थांबली की खोक्यांची भट्टी होते. आणि ठणठणची गाडी दोन महिन्यांत तीनदा थांबली होती.

तिसऱ्या वेळी हॅचरीच्या बाई आवाज न चढवता म्हणाल्या, "आता एकदा जरी थांबलात ना, तर दुसरी गाडी बघणार मी." बाई ओरडल्या असत्या तर त्याला एवढी भीती वाटली नसती. गाडी हॅचरीच्याच जोरावर घेतलेली. ते काम गेलं की गाडी अंगणात उभी करून तिच्याकडे बघत बसायचं, बस.

म्हणून मोठी टाकी.

मिस्त्रीने दोन दिवस गाडीखाली लोळून ती बसवली. टाकी इतकी अवाढव्य की स्टेपनीची जागा गेली. मग स्टेपनी आत आली आणि ड्रायव्हरशेजारी पाहुण्यासारखी बसू लागली.

"एक भानगड आहे," मिस्त्री हात पुसत म्हणाला. "टाकीत एक फ्लोट असतो. डिझेल उतरलं की तो खाली येतो, तसा डॅशबोर्डवरचा काटा खाली येतो. तुझ्या जुन्या फ्लोटची दांडी आखूड आणि ही टाकी खोल. फ्लोट मध्येच लटकणार. म्हणजे काटा लाल दाखवेल तेव्हा अर्धी टाकी भरलेलीच असेल."

"म्हणजे लाल म्हणजे अर्धी."

"हो, पण लांब दांडी मागवतो ना. आठ दिवसांत येईल."

"कशाला? लक्षात राहील की. लाल म्हणजे अर्धी. लाल झाल्यावर अजून दोन दिवस."

आणि आश्चर्य म्हणजे राहिलं. शाळेत पाढे राहिले नाहीत, लग्नाची तारीख राहत नाही, पण हे डोक्यात खिळ्यासारखं बसलं. तीन आठवडे काटा लालमध्ये पडून असायचा आणि हा शीळ घालत गाडी हाणायचा. शेजारी बसणाऱ्याचा जीव टांगणीला लागायचा, त्याची तर त्याला मजाच वाटायची.

मग तो रविवार आला. शनिवारी त्याने टाकी गळ्यापर्यंत भरली होती. रविवारी जेवून जो आडवा झाला तो संध्याकाळीच उठला. बायको चहा घेऊन समोर उभी.

"अहो, काटा दुरुस्त करून आणला मी. आता बरोबर दाखवतो."

भिंतीवरचं घड्याळ दोन महिने बंद होतं आणि ते दुरुस्त करायचं त्याने कबूल केलं होतं. त्याने मान वर केली. घड्याळात पावणेसहा. बाहेरही साधारण तेवढेच वाजले असावेत.

"छान," तो म्हणाला.

"नुसतं छान? लक्षात ठेवाल ना?"

"हो हो."

"तुमचं हो हो माहितीये मला," असं म्हणून ती कागद-पेन शोधायला गेली. हा चहात बिस्कीट बुडवण्यात गर्क.

सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी काटा लालमध्ये जायला हवा होता, पण तो आरामात वर. ठणठणला वाटलं, आपला पाय हलका झाला. स्टँडवर त्याने सगळ्यांना अॅक्सिलेटर कसा दाबावा यावर व्याख्यान दिलं. "अंड्यावर पाय ठेवल्यासारखा ठेवायचा," वगैरे.

शुक्रवारी सकाळी काटा लालमध्ये आला. आणि नेमक्या त्याच सकाळी बाई म्हणाल्या, "आज मीही येते. शेड बघायची आहे."

बाई स्टेपनीला खेटून बसल्या. हायवेवरचा एकमेव पंप जवळ आला तशी त्यांची नजर काट्यावर गेली.

"अहो, हे लाल आहे."

"लाल म्हणजे अर्धी, बाई."

"कुठल्या हिशेबाने?"

त्याने दांडी, फ्लोट, खोली, सगळं समजावलं. पंप मागे गेला. बाई बराच वेळ आरशात त्या पंपाकडे बघत होत्या.

शेड दहा किलोमीटरवर राहिली तेव्हा गाडीने पहिला आचका दिला. मग दुसरा. मग उचकी लागल्यासारखी ती रस्त्याच्या कडेला गेली आणि गप्प झाली. मागून चार हजार पिल्लांची चिवचिव एकदम स्पष्ट ऐकू आली.

"कचरा आला असेल लायनीत," ठणठण म्हणाला.

बाई खाली उतरल्या. रस्त्यावरचा एक दगड उचलून त्यांनी टाकीवर हलकेच वाजवला.

ठण.

थोडं खाली वाजवला.

ठण.

अगदी तळाशी वाजवला. तिथेही तेच. स्टँडवरच्या सगळ्यांनी एका सुरात हाक मारल्यासारखं.

बाईंनी शेडवर फोन लावून टेम्पो मागवला. तो येईपर्यंत दोघांनी मिळून चाळीसच्या चाळीस खोके झाडाखाली उतरवले. उतरवता उतरवता त्याने बायकोला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"अगं, काटा लाल आहे आणि टाकी रिकामी आहे. असं कसं होईल?"

"काटा लाल म्हणजे टाकी रिकामीच असणार. मिस्त्रीकडे नेऊन लांब दांडी बसवून आणली ना मी रविवारी. तुम्ही झोपला होतात. उठल्यावर सांगितलं की, काटा दुरुस्त केला."

"तो घड्याळाचा ना?"



"घड्याळ बंदच आहे अहो. तुम्ही करणार होतात. आणि विसराल म्हणून चिठ्ठीपण चिकटवलीये. टाकीच्या झाकणावर."

तो वळला. बाई झाकणापाशी वाकून ती चिठ्ठी वाचत होत्या. मोठ्याने.

"'काटा आता खरं बोलतो. लाल म्हणजे लाल. आठवणीने भरा.'" बाई सरळ उभ्या राहिल्या. "डिझेल भरायला गेला असतात तर दिसली असती."

त्याने फोन खिशात टाकला आणि पुढचा खोका उचलला.

"गाडी मिस्त्रीकडे नेली कोणी?"

"बायकोने."

"चालवता येते त्यांना?"

"माझ्यापेक्षा बरी," तो म्हणाला आणि म्हणताना त्याला कळलं की आपण काय म्हणतोय.

टेम्पो आला. पिल्लं वाचली. बाई टेम्पोत चढल्या आणि खिडकीतून शांतपणे म्हणाल्या, "मी शब्द मोडत नाही. पण गाडीचा काही दोष नाही. सोमवारपासून त्यांना पाठवा."

सोमवारी पहाटे बायको पिकअप घेऊन गेली. टाकी भरून. स्टेपनीने त्याच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

तो घरात एकटाच. निदान काहीतरी करून दाखवावं म्हणून स्टुलावर चढला, घड्याळ उतरवलं, पाठ उघडली. बिघडलेलं काहीच नव्हतं.

सेल संपला होता.