मुखरूचा बारावा डोंगा

"येत्या ऐतवारी माझा फोटू निंघते. मंग माझं तोंड सात समुद्रापार दिसन," असं मुखरू ढिवरानं तळ्याच्या पाळीवर जाहीर केलं, तेव्हा जाळं सांधत बसलेल्या भैयाजीचा हात घटकाभर थांबला. मग भैयाजी म्हणाला, "इथी दिसते तेच आमाले जास्त होते, भाऊ."

मुखरू चिडला नाही. ज्याचं तोंड परमुलखात दिसणार आहे, त्यानं कवडटोल्यातल्या माणसांवर चिडणं बरं दिसत नाही.

गोष्ट खरी होती. बल्लारशाला कागदाच्या कारखान्यात यंत्रं बसवायला एक गोरा साहेब आला होता. दर ऐतवारी मुखरू त्याच्या बंगल्यावर ओल्या गोणपाटात गुंडाळलेली जिवंत मरळ पोचवायचा. साहेब सकाळी उठून घोड्याच्या चंदीसारखं काहीतरी दुधात कालवून खायचा. त्या चंदीचे पत्र्याचे डबे थेट त्याच्या देशातून यायचे आणि प्रत्येक डब्यातून तळहाताएवढं एक खेळणं निघायचं. टोकदार नाक, पोटाला पंख, तळाला चाक. जमिनीवर घासलं की घर्रर्र करून शेपटीतून ठिणग्या टाकायचं. साहेबाला लेकरू नव्हतं. मरळ पाहून खूश झाला की तो खेळणं मुखरूला देऊन टाकायचा.

"ये चांद पे जाता," असं साहेबानं त्याला सांगितलं होतं.

साहेबाच्या देशात म्हणे रेडिओसारखीच एक पेटी निघाली होती, पण तिच्यात आवाजाबरोबर माणसंही दिसायची. दर शनिवारी त्या पेटीतून एक पलटण आकाशात निघायची आणि ग्रहांवर जाऊन मारामारी करून यायची. ही खेळणी म्हणजे त्या पलटणीची यानं. मुखरूनं उभ्या जन्मात एकच वाहन हाकललं होतं, मासे धरायची लाकडी होडी, म्हणजे डोंगा. त्यानं त्यांना उडते डोंगे म्हटलं आणि नावंही आपल्या ओळखीच्या माशांची ठेवली. लांब नाकाचा तो मरळ, चपट्या पोटाचा कतला, मिशावाला शिंगाडा. असे अकरा डोंगे त्याच्या घरात धानाच्या कोठीवर ओळीनं उभे होते.

डब्यावरच्या चित्रात मात्र बारा होते. बारावा काळा, बिनखिडकीचा, चंद्राच्या आड अर्धा लपलेला. तो कुठल्याच डब्यातून निघाला नाही.

पेटीतली कथा साहेबानं मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितली, मुखरूला निम्मी कळली आणि उरलेली त्यानं पदरची घातली. दर शनिवारी सांजेला जाळी सांधताना तो पाळीवर नवी गोष्ट सांगायचा. एका शनिवारी त्यानं सांगितलं, "अकरा डोंगे एका रांगेत उभे राह्यले का बारावा आपल्या मनानं येते. त्याले कोणी आणत नाई. तो पाह्यले येते, का आपल्याविना कोण रांग लावून राह्यलं." हे सांगताना त्यानं आवाज असा काही खाली नेला, की भैयाजी त्या दिवशी एकटा घरी गेला नाही. खरं म्हणजे मुखरूही गेला नाही. भैयाजीलाच त्यानं आपल्या घरापर्यंत सोबत नेलं.

आता साहेबाचं काम संपलं होतं. तो सोमवारच्या गाडीनं जायचा होता. डोंगे जमवणाऱ्यांचे फोटो त्याच्या देशात पेटीत दाखवत म्हणे. साहेब म्हणाला, अकरा तर अकरा, पण ऐतवारी सगळे घेऊन ये, एक कमी चालणार नाही. ह्या खेपेला मुखरूला सगळी हिंदी कळली.

पण मध्ये पोळा आला.

पोळ्याची अवस सरली की दुसऱ्या दिवशी पहाटे मारबत निघते. गावातला ताप, खरूज, ढेकूण, डास, भांडणं, जे काही नकोसं असेल ते माती-पळसाच्या मारबतीबरोबर गावाच्या शिवेबाहेर घालवायचं. घराघरातून फुटके सूप, झिजलेले खराटे, फाटक्या टोपल्या निघतात. शिवेवर जाऊन सगळे ओरडतात, घेऊन जाय गे मारबत, आणि मागं न पाहता परततात. गेलेली वस्तू परत आणायची नाही. जो आणेल त्याच्या अंगाला साऱ्या गावाची पिडा लागते आणि गाव त्याच्या घरचं पाणी पीत नाही.

कवडटोल्याची शीव म्हणजे वाघनाला. पलीकडे पिपरटोला. म्हणजे कवडटोल्याची पिडा जायची ती पिपरटोल्याच्या काठावर. पिपरटोल्याचं यावर काय मत आहे, हे कोणी कधी विचारलं नव्हतं.

त्या बुधवारी पहाटे मुखरू तळ्यावर जाळी काढायला गेला होता. परत येतो तर कोठी रिकामी. रुखमा, त्याची बायको, अंगणात प्रसन्न बसली होती.

"अजी, पाहा. सकाळपासून एक ढास नाई लागली."

"माहे डोंगे कुठी?"

"मारबतीसंग गेले."

"खोकला द्याचा होता तं खोकला द्याचा. डोंगे कायले दिले?"

"खोकला त्याहीच्यातच होता."

"डोंग्यात?"

"डोंगे घरात आले जेठात. मले खोकला लागला जेठात. आता सांगा."

वाईट हे, की बाई खरंच खोकत नव्हती.

दुपारी तो नाल्यावर गेला. हात लावायचा नाही, पण पाहायला कोणाची बंदी नव्हती. पलीकडच्या काठावर खराट्यांचा ढीग पडला होता, मारबतीचं मातीचं तोंड फुटून आभाळाकडे पाहत होतं. त्यांच्या घरची टोपली पालथी पडली होती. टोपलीखाली काही नव्हतं, आजूबाजूलाही नव्हतं. सागाच्या पानावरून थेंब गळला तरी ऐकू यावा इतकी शांतता होती. मुखरू आला तसा उलट्या पावली घरी गेला.

गुरुवारी उजाडता रुखमानं दार उघडलं आणि तिथंच खोकली.

अंगणात मरळ उभा होता. शेपूट जमिनीला, नाक वर, अंगावरून पाणी निथळत. रात्री पाऊस होऊन चिखल झाला होता. त्या चिखलात माणसाचं पाऊल नव्हतं, कुत्र्याचं नव्हतं, कोंबडीचंही नव्हतं. नाल्याकाठी गावातलं शेवटचं घर मुखरूचं. तिथपर्यंत यायचं तर कुठंतरी पाऊल टाकावंच लागतं, नाहीतर वरून यावं लागतं.

"तुमी आणला," रुखमा म्हणाली.

"देवाशप्पत नाई."

"मंग कोनं आणला?"

मुखरूनं आभाळाकडे पाहिलं. रुखमानंही पाहिलं. दोघांनीही पाहायला नको होतं असं मग दोघांना वाटलं.

शुक्रवारी आणखी तीन आले. मरळाला मध्ये घेऊन उभे होते आणि चौघांचीही नाकं घराच्या दाराकडे होती. रुखमाचा खोकला निम्माशिम्मा परतला. तिनं पुन्हा फेकून यावं तर मारबत वर्षातून एकदाच. शेजारच्यांनी आपली दारं लावली. सांजेला नाल्यापलीकडे, जमिनीलगत, अंधुकशा झाडोऱ्यात लाल ठिणग्या दिसू लागल्या. सरळ जायच्या, थांबायच्या, वळून परत यायच्या. घर्रर्र असा आवाज पाण्यावरून यायचा आणि तो आला की बेडूक गप्प बसायचे. ते पाहायला भैयाजी आला.

"मुखरू, तू म्हणे पेटीतल्या गोष्टी मनानं बनवून सांगतं?"

"व्हय."

"मंग आता थांबव बाप्पा."

पण थांबवायचं कसं, हे मुखरूला ठाऊक असतं तर तो तिथं उभा राहिला नसता. दोन दिवसांवर फोटो आला होता. हाताशी चार डोंगे होते. आणि जे येत होते ते त्याच्यासाठी येत होते, की त्याला न्यायला, हे कळायला मार्ग नव्हता.

शनिवारी फटफटायच्या सुमारास तो अंगणात उपड्या ठेवलेल्या आपल्या डोंग्याखाली शिरून बसला. खरा डोंगा, मोहाच्या खोडाचा. नाल्यावर असं धुकं होतं की पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं लागतं ते समजेना. बेडूक ओरडत होते. मग एकाएकी गप्प झाले.

धुक्यातून डोंगे निघाले. एकामागे एक, सात. माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, आवाज न करता, आपल्याभोवती हळूहळू गरगरत. पहिला कतला होता. तो अंगणावर येऊन थांबला, थोडा डुलला आणि खाली उतरू लागला.

आकाशातून आलेल्याशी काय बोलायचं असतं, ते साहेबानं मुखरूला सांगितलं नव्हतं. शेवटी त्याच्या तोंडून निघालं, "रामराम."

धुक्यातून उत्तर आलं, "रामराम, भाटोजी."

मुखरूचं डोकं डोंग्याच्या तळावर आपटलं. बाहेर येऊन पाहतो, तर नाल्याच्या मधोमध छातीभर पाण्यात त्याचा साळा उभा. रुखमाचा पाठचा भाऊ झिंगू, पिपरटोल्याचा. हातात वीस हात लांब बांबू, आणि बांबूच्या शेंड्याला माशाच्या दोरानं टांगलेले डोंगे.

"झिंगू, तू?"

"मंग कोण? तुमच्या गावची पिडा आमच्या काठाले. माह्या बायकोले, गिरजाले, बुधवारपासून खोकला लागला. तुमच्याच घरची टोपली मी वळखली."

"तुह्या बहिणीनं फेकली."

"माहेरावर?" झिंगूला ते फार लागलेलं दिसलं. "मी शीव वलांडली नाई, तुमच्या अंगणाले हात लावला नाई, बांबूनं देल्ले. पयले एक देऊन पाह्यला, पाव खोकला गेला. मंग तीन देल्ले, आधा गेला."

"तं सगळे एकदम काऊन नाई देल्ले?"

झिंगूनं पाण्याकडे पाहिलं. "सांजेले जमिनीवर घासले का मस्त ठिणग्या निघते ना, भाटोजी."

बाकी काही विचारायची गरज उरली नाही. आपण दोन दिवस कोणाला भीत होतो, हे कोणाला सांगायचं नाही असं मुखरूनं ठरवलं. डोंगे त्याच्या अंगणात आपल्या पायानं आले होते, तेव्हा नियमही मोडला नव्हता. एक, तीन आणि सात, अकरा पुरे झाले. रुखमा पोटभर खोकली, पण तिनंही भावाचं नाव ऐकल्यावर तोंड बंद ठेवलं.

ऐतवारी उजाडताच मुखरूनं डोंगे पुसायला अंगणात रांगेनं मांडले. मांडून झाल्यावर मोजले. मग पुन्हा मोजले.

बारा होते.

शेवटचा काळा होता. त्याला खिडकी नव्हती, चाक नव्हतं, सांधा नव्हता. बाकीचे दवानं ओले झाले होते. हा कोरडा होता आणि चुलीवरून आत्ताच उतरवल्यासारखा हाताला ऊन लागत होता.

मुखरू नाल्यावर धावला. "झिंगू, काळा तुनं देल्ला?"

पलीकडून झिंगूनं बोटं मोजली. "आधी चार देल्ले, काल सात. अकरा झाले का नाई?"

"झाले."

"मंग काळ्याचं मले कायले विचारता?" आणि तो घरात गेला. दिवसाढवळ्या त्यानं आतून कडी लावल्याचा आवाज मुखरूला ह्या काठावर ऐकू आला.

शहाण्या माणसानं ते काळं तिथंच सोडलं असतं. पण रांग पूर्ण झाली होती, आणि समुद्रापार कोणीतरी पेटीसमोर बसून मुखरूची वाट पाहत होतं. त्यानं काळा डोंगा शेल्याच्या गाठीत बांधला. रुखमाला दाखवू लागला, तर तिनं डोळ्यांवर पदर ओढून सांगितलं, "मले नका दाखवू. जाऊन या एकदाचे."

बंगल्यावर पेट्या बांधून पडल्या होत्या, साहेब घाईत होता. त्यानं अकरा डोंगे पायरीवर मांडून घेतले. बारावा मुखरूनं तळहातावर घेतला आणि हात लांब करून पुढं धरला. चांगला मोठा दिसावा म्हणून. साहेबानं कॅमेऱ्यात डोकं घातलं, "अच्छा, अच्छा" म्हणाला आणि कळ दाबली.

परतताना काळ्या डोंग्याची गाठ जड लागत होती. नाल्यापर्यंत जडच होती. नाल्याच्या मधोमध ती हलकी झाली. काठावर येऊन मुखरूनं गाठ सोडली, तर शेल्याला उबारा होता, बाकी काही नव्हतं. पाण्यात पडला असंन, असं त्यानं साऱ्यांना सांगितलं. गाठ सुटली नव्हती, हे नाही सांगितलं.

त्यानंतर मुखरूनं शनिवारी गोष्टी सांगणं बंद केलं. खोकला हिवाळ्यात आपोआप गेला.

माघात एक दिवस बल्लारशाहून बैलगाडीनं लाकडी खोका आला, मोठा, नवरदेवाची पेटी असावी तसा. वर साहेबाची चिठ्ठी. कारखान्यातल्या एका कारकुनानं त्या चिठ्ठीखालीच मराठीत लिहून दिलं होतं. सारा गाव अंगणात जमला आणि भैयाजीनं अक्षर अक्षर लावत वाचलं.

"तुझा फोटो शनिवारी पेटीत दाखवला. पुष्कळ लोकांनी पाहिला."

मुखरूनं मिशीवर हात फिरवला.

"तुझा पसरलेला हात पाहून बायांना फार कळवळा आला. त्यांनी आपापसांत गोळा करून हे तुझ्यासाठी पाठवलं आहे. पोटभर खा."

सोबत फोटो होता. अकरा डोंगे कसे अगदी लख्ख आले होते. मागं मुखरू, तोंडभर हसू, आणि पुढं लांब केलेला हात. हातावर काही नव्हतं. तळहाताच्या रेघासुद्धा मोजता येत होत्या.

"सात समुद्रापार जाऊन बी मांगूनच राह्यला," भैयाजी म्हणाला.

"थो हात रिकामा नव्हता," मुखरू हळूच म्हणाला. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.

खोका फोडला. घोड्याच्या चंदीचे चाळीस डबे निघाले. सारे बंद, सारे नवे, प्रत्येकावर तेच डोंग्यांचं चित्र. मुखरूनं एक डबा हातात घेतला आणि चित्रातल्या चंद्राकडे पाहिलं. चंद्राच्या आड काही नव्हतं. दुसरा घेतला, तिसरा घेतला. कुठंच नव्हतं. तेवढ्यात खोक्याच्या तळातल्या कुठल्याशा डब्यात आपल्या आपण बारीक आवाज झाला, घर्रर्र.

रुखमा खोकली.

"अजी, मारबतीले किती महिने हाय?"

"सात," मुखरू म्हणाला.

नाल्यापलीकडून ठकठक येऊ लागली. लोकांनी माना वळवल्या. गिरजा दारात उभी राहून खोकत होती आणि झिंगू बांबू तोडत होता. तोडून झाल्यावर त्यानं तो आडवा धरून लांबी पाहिली आणि इकडे मुखरूकडे पाहिलं.

या खेपेचा पहिल्यापेक्षा दहा हात लांब होता.