मालगाडीचा टाका

१४ बहमन, १३५३ फसली, म्हणजे निजाम सरकारची तारीख. मार्गशीर्ष सरत आला होता, ऊन मवाळ होतं आणि जुन्या लुगड्यांची गोधडी पुरी करायचं काम माझ्यापुढे होतं. चार हातांपैकी अडीच हात शिवून झाली होती. ती अंगणातल्या दोरीवर टाकून मी विहिरीवर गेले. परत आले तर दोरी होती, गोधडी नव्हती.

घरातलं दुसरं काही गेलं तर माणसं चावडीवर जातात. शिवणाचं काही गेलं तर सरळ दत्तूअण्णांकडे जायचं, हे आमच्या बदनापुरात सगळ्यांना ठाऊक आहे.

दत्तूअण्णा आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात. कुणाच्याही दारात उभे राहिले की ते "बरं हाये का?" असं विचारत नाहीत. ते विचारतात, "अर्धवट काय हाये घरात?"

नवख्या माणसाला वाटतं, म्हातारा जेवायला मागतोय. एका नव्या सुनेनं त्यांना अर्धी भाकरी आणून दिली होती. अण्णांना पाहिजे असतं अर्धवट शिवण. एक बाही राहिलेलं पोलकं, काजं न केलेली बंडी, तीन बाजू दुमडून चौथी सोडलेली ओढणी. ते हाती लागलं की आधी उलटं करतात, टाका जिथं थांबला असेल तिथं नाक लावतात आणि तार आल्यासारखं वाचत बसतात. मग मान हलवून म्हणतात, "आधी उसवावं लागंल." तुम्ही हो म्हणायच्या आत त्यांची कात्री बाहेर आलेली असते.

अण्णांनी तीस वर्षं बदनापूरच्या स्टेशनात सिग्नल पाडायचं काम केलं. नोकरीच्या शेवटी पायावर रूळ पडला आणि जालन्याच्या दवाखान्यात दोन महिने काढावे लागले. तिथली नर्स मद्रासकडची. तिला मराठी येईना, यांना तिची बोली येईना आणि यांचा आरडाओरडा काही थांबेना. शेवटी तिनं यांच्या हातात दोन सुया आणि लोकरीचा गुंडा दिला. अण्णा गप्प झाले. दवाखान्याला आराम पडला, त्रास आमच्या गल्लीला झाला.

विणकाम आलं, त्यापाठोपाठ शिवण आलं. वैशाखात, कावळे सावलीला बसलेले असताना, अण्णांनी डाकवाल्याला लोकरीचे मोजे दिले. तो बिचारा आमची गल्ली येईपर्यंत ते खिशात ठेवी, कोपऱ्यावर पायात घाली आणि गल्ली संपली की काढी.

आमच्या ह्यांच्या बंडीला काजं करायची राहिली होती. अण्णांनी ती नेली आणि तीन बटणांच्या बंडीला सात काजं करून आणली. म्हणाले, "डबा जादा असलेला बरा, वहिनी. ऐन टायमाला कुठून आणता?" हे अजूनही चुकीच्या काजात बटण घालून बाजारात जातात.

शेजारच्या हमीदाबीची गत माझ्याहून वाईट झाली. क्रोशाची किनार तिनं सव्वा महिना विणली होती. अण्णांनी ती सगळी उसवली.

हमीदाबी ओसरीवर उभी राहून ओरडली, "अन्ना, एक फूल बाकी था! सिर्फ एक फूल!"

"एका फुलापायी सगळी बाग उपटावी लागली, हमीदाबी. मुळातूनच वाकडी व्हती."

"मेरा हात वाकडा है तो मेरे घर में है ना? तुमको कौन बुलाया?"

अण्णांना कुणीच बोलावत नाही, हीच अडचण आहे. त्या दिवसापासून अण्णांची काठी वाजली की गल्लीतल्या बायका शिवण उतरंडीमागं लपवतात. मी एकदा पिठाच्या डब्यात पोलकं लपवलं होतं. अण्णा गेल्यावर ते अंगात घातलं आणि दोन दिवस मी शिंकत होते.

त्यांची आणखी एक शिस्त. दोरा दातानं तोडायचा नाही. मला तर ती खोडच होती, आणि प्रत्येक वेळी ते तंबाखूच्या जुन्या डब्यातून कात्री काढून पुढं करत. "दात भाकरीसाठी दिलेत, वहिनी. दोऱ्यासाठी कात्री हाये." पाच वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की डब्याचं झाकण वाजलं तरी माझा जबडा आपोआप मिटायचा.

यंदा तर त्यांनी कहर केला. त्यांची एकुलती एक लेक गंगू धावडा गावात दिलेली. तिला दिवस गेले, आणि बापानं बाळंतविडा करायला घेतला. झबली, टोपडी, कुंची, दुपटं, गोधडी, सगळं स्वतः. घरात बाईमाणूस नाही. अण्णांची बायको रखमाबाई आम्ही या गल्लीत यायच्या आधीच वारली होती. तेव्हा आम्ही चौघीजणी होऊन सांगायला गेलो की हे काम आम्ही वाटून घेतो.

अण्णा म्हणाले, "तुम्ही? ही तुरपाई करनाऱ्या?" आणि माझ्या पदराची कड उलटी करून चौघींना दाखवली.

बाळ जन्मायच्या आधी नवं शिवू नये, एवढं तरी ऐका, असं मी म्हटलं. त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं. "गाडी यायच्या आदी सिग्नल पाडावा लागतो, वहिनी. आल्यावर पाडून काय उपेग?"

लढाईमुळं लोकर मिळत नव्हती. अण्णांनी जालन्याच्या जुन्या बाजारातून पलटणीतल्या शिपायाचा स्वेटर आणला, उसवला आणि त्याचे नऊ जोड पायमोजे विणले. सगळे खाकी. बाळ जन्मलं की सरळ भरतीलाच जायचं अशी तयारी. टोपडं विणताना मापाला डोकं नव्हतं म्हणून त्यांनी आपला सिग्नलचा जुना कंदील घेतला. कंदिलाला वर कडी असते, म्हणून टोपड्यालाही वर भोक राहिलं. मी विचारलं तर म्हणाले, "हवा खेळायला ठेवलंय."

असं करत करत सगळं झालं. फक्त गोधडी कुणाला दिसली नाही. येत्या रविवारी जावई गंगूला बाळंतपणासाठी घेऊन येणार, आणि अण्णांना गोधडीचं विचारलं की "व्हईल" एवढंच म्हणत. हमीदाबीचं मत पडलं की म्हाताऱ्याला गोधडी येतच नाही. मलाही ते पटलं. दुसऱ्याचं उसवणाऱ्याला स्वतःचं जमत नाही, हे पाहून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

आता माझ्या गोधडीचं. मी दरसाल गोधड्या एका म्हातारीकडून शिवून घ्यायची. ती यंदा लेकाकडं आष्टीला गेली, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतः गोधडी घातली. चार थर लुगड्याचे, हातात दाभणाएवढी सुई, अंगात घाई. टाका काय पडणार? गोधडी जायच्या चार दिवस आधी अण्णा आले, तिचं टोक उलटं केलं आणि मोठ्यानं हसले.

"हा टाका हाये का मालगाडी, वहिनी? एक डबा लांब, एक आखूड, मधी दोन डबेच न्हाईत. अन् सगळी गाडी तिरकी चालून राह्यली!"

"पांघरणाऱ्याला झोप लागली म्हणजे झालं," मी म्हटलं.

मग ते नेहमीसारखे नाक लावून बसले. बसले ते बसलेच. माझं अर्धं दळण झालं तरी उठेनात. शेवटी विचारलं, "सुई डाव्या हातात धरता का तुम्ही?"

"डावखुरी आहे मी. जन्मापासून."

"असं," म्हणाले आणि निघून गेले. कात्री काढली नाही, उसवायचंही बोलले नाहीत. आजारी असतील, असं मला वाटलं.

आणि त्या दिवशी दोरीवरून गोधडीच गायब. अडीच हात शिवण! माझ्या डोळ्यांपुढं उसवलेला दोरा आला. पदर खोचला आणि तरातरा त्यांच्या घरी गेले. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, चांगलं झणझणीत.

दार उघडंच होतं. अण्णा जमिनीवर बसले होते. पुढं माझी गोधडी पसरलेली, एकही टाका उसवलेला नव्हता. तिच्या शेजारी, कडेला कड लावून, एक लहानशी गोधडी होती. बाळाची. हिरव्या लुगड्याचे तुकडे, मधे चोळीच्या खणाचा चौकोन. तीन भाग शिवलेली, एक भाग कोरा.

"अण्णा, विचारून न्यायची पद्धत आहे की नाही?" मी सुरू केलं.

"उसवली न्हाई. बघून घ्या," ते म्हणाले. मान वर केली नाही.

मी बघितलं, पण माझी नाही, ती लहान गोधडी बघितली. एक टाका लांब, एक आखूड, मधे जागा सोडलेली, सगळी रांग तिरकी. माझ्याच हातची म्हणून कुणीही शपथ घेतली असती.

"ही कुणाची?"

"रखमाची. गंगू नऊ वर्सांची व्हती तवाची. तापात पडून शिवायची. म्हनली, गंगूच्या पहिल्या लेकराला माज्या हातचं पांघरून व्हावं. डावखुरीच व्हती तीबी." त्यांनी कोऱ्या भागाच्या कडेवर बोट ठेवलं. तिथं गंजाचा एक डाग होता. सुई तशीच टोचून राहिली असावी. "इथवर तिचं."

त्या डागापुढचं कापड मी हातात घेतलं. ते भोकाभोकांचं झालं होतं. शिवलेलं आणि उसवलेलं, पुन्हा शिवलेलं आणि पुन्हा उसवलेलं. कितीदा, ते कापडच सांगत होतं.

"मग पुरी का नाही केली इतक्या वर्षांत? गावाचं सगळं पुरं करता."

अण्णा जरा वैतागलेच. "माजा टाका लई चांगला पडतो ना, वहिनी! सरळ जातो. लाख खराब करायला गेलो, व्हईना. डाव्या हातानं शिवून बघितलं, तवा निसतं रगत निगालं. गावातल्या समद्या बायांचा टाका बघून घेतला. वाईट लई हायेत, पर असा वाईट न्हाई घावला." मग माझ्या गोधडीवर हात फिरवून म्हणाले, "हा बराबर हाये. बिलकुल असाच."

शिवणाबद्दल माझं कौतुक कुणी केलं, ते एवढंच.

"पण मग उरलेली माझ्या हातची होईल," मी म्हटलं. "रखमाबाईंच्या कुठं?"

"व्हऊ द्या. गंगू लेकराला पांघरून घालंल, हात फिरवंल. आईचा हात कुठं थांबला, ते तिला लागू नये. यवढंच."

तरी त्यांनी मला शिवायला सांगितलं नाही. माझा टाका बघून शिकता येतो का, ते बघत होते, पासष्टाव्या वर्षी, हातात चांगला टाका घेऊन बसलेला माणूस. रविवार चार दिवसांवर होता.

जे झणझणीत ठरवून गेले होते, ते राहून गेलं. "चुलीवर दूध आहे," म्हटलं, माझी गोधडी उचलली आणि घरी आले. दूध नव्हतं चुलीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी उरकल्या, सुई घेतली आणि त्यांच्या ओसरीवर जाऊन बसले. "आणा ती," म्हटलं. अण्णांनी गोधडी आणली, घोंगडी अंथरली, आणि स्वतः समोर बसून माझ्या बोटांकडं बघायला लागले. कुणी असं बघायला लागलं की माणूस नेटकं करायला जातं. चौथ्या रांगेत अण्णा ओरडले, "वहिनी, सुधरून राह्यल्या तुम्ही! बिघडवा! बिघडवा!"

"तोंड तिकडं करा, म्हणजे बिघडेल."

ते भिंतीकडं तोंड करून बसले. घटकाभर तसेच, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. मी पुन्हा घाईत शिवायला लागले आणि मालगाडी चालू झाली. हमीदाबी दारावरून जाताना थांबली, आत बघितलं आणि निघून गेली. भोकं पडलेल्या जागी मी दुहेरी टाका घातला. गंजाचा डाग होता तिथं एक लांब डबा टाकला, तो झाकून गेला.

ऊन ओसरीच्या पायरीवर आलं तेव्हा शेवटचा कोपरा झाला. मी गाठ मारली. त्या आवाज नसलेल्या गोष्टीचाही अण्णांना पत्ता लागला. ते वळले आणि त्यांनी तंबाखूचा डबा उघडून कात्री पुढं केली. पण सवय ती सवय. मी तोवर गोधडी तोंडाशी नेली होती आणि दोरा दातानं तोडला.

मी त्यांच्या वाक्याची वाट बघितली. अण्णा माझ्या हातातल्या गोधडीकडं बघत राहिले. मग पुढं केलेली कात्री त्यांनी डब्यात परत ठेवली.