प्रोफेसरनं खाल्लेली शोकवार्ता

पुस्तकाची जाहिरात कशी करावी हे सगळ्या घानानं माझ्याकडून शिकावं, असं मी शुक्रवारपर्यंत छातीठोकपणे सांगत होते. शनिवारपासून मी या विषयावर तोंड उघडत नाही. पण तुम्ही आपले आहात, म्हणून सांगते.

मी फ्रेमा. जादूगार, नदीखालची राज्यं, बोलणाऱ्या मगरी असल्या कादंबऱ्या लिहिते. गावात मला सगळे लेखिका म्हणून ओळखतात आणि वाचत कोणीच नाही. बाजारात कोणी भेटलं की विचारतं, "काय गं, मगरी बऱ्या आहेत ना?" आणि पुढे जातं. आता चौथा भाग यायचा होता. त्यात मी माझ्या लाडक्या नायकाला, नदीखालच्या राजाला, मारून टाकलं होतं. शनिवारी आमच्या अंगणात प्रकाशन होतं आणि कुमासीहून प्रकाशक मिस डान्सो स्वतः येणार होत्या. त्या फोनवर गोड आवाजात म्हणाल्या होत्या, "गर्दी किती जमते ते बघू, मग पाचव्या भागाचं ठरवू."

गर्दी कुठून आणायची? आमच्या गावात लोक एकच मजकूर उभं राहून, मन लावून, अगदी तळापर्यंत वाचतात. तो म्हणजे भिंतीवरची शोकवार्ता. कोण गेलं, वय काय, शनिवारी कुठं जमायचं, काळं नेसायचं की तांबडं. तेव्हा मी राजाची शोकवार्ताच छापायची ठरवली. वर राजाचा मोठा फोटो, खाली "महाप्रयाण", त्याखाली "शनिवारी दुपारी आमच्या अंगणात, पोशाख काळा-तांबडा", आणि तळाशी स्वच्छ अक्षरांत: "हे राजे कादंबरीतले आहेत, वय वर्षं तीनशे बारा. पुस्तक तिथंच मिळेल." लोक हसतील आणि येतील, असा माझा हिशेब होता.

फोटोसाठी राजा हवा होता. आम्पेममामा, आईचे सख्खे भाऊ, निवृत्त हेडमास्तर आणि कोकोच्या बागेचे मालक, केंटेचं भरजरी वस्त्र नेसून खुर्चीत बसले.

"मेलेल्या राजासारखं बघायचं म्हणजे कसं गं?" मामांनी विचारलं.

"तुम्ही नेहमीसारखंच बघा."

फोटो झकास आला. गुरुवारी मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी कुमासीला गेले आणि शुक्रवारी पहाटे मी कसावाच्या पिठाची खळ शिजवून पोस्टरं लावायला निघाले. माझ्या मागोमाग नेहमीप्रमाणे प्रोफेसर निघाला.

प्रोफेसर म्हणजे माझा मेंढा. पांढराशुभ्र. नाताळात कापायचा म्हणून आणला होता. त्यानं पहिल्याच दिवशी माझ्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि त्या नाताळात आम्ही मासे खाल्ले. लिहायला बसले की तो शेजारी रवंथ करत बसतो. आई गेल्यावर घरात माझी वाट बघणारं तेवढंच एक माणूस आहे. त्याला कागद फार आवडतो. इतका की मी हस्तलिखित कपाटावर ठेवते आणि शिडी दुसऱ्या खोलीत.

एवढं माहीत असलेली बाई हातात गोड खळ घेऊन गावभर कागद चिकटवत गेली आणि तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही. लेखक लोक असेच असतात. मी मनात भाषण जुळवत होते.

शनिवारी सकाळी बघते तर अंगणात मंडपावर मंडप चढतायत. पोकुआ, माझी बालमैत्रीण, तिचा मंडप-खुर्च्यांचा धंदा आहे. मी तिला मोजक्या खुर्च्या सांगितल्या होत्या. जाहिरातीची युक्ती मात्र तिच्यापासून लपवून ठेवली होती. तिनं अख्खं दुकान आणलं होतं. मला बघताच तिनं मिठी मारली आणि हुंदके देऊन रडायला लागली. माझा नायक मेला म्हणून वाचायच्या आधीच रडणारी मैत्रीण! मलाही भरून आलं.

दुपारपर्यंत अंगण फुललं. काळी वस्त्रं, तांबडी वस्त्रं, कपाळाला तांबडे पट्टे. लोक रांगेनं येऊन माझा हात हातात घ्यायचे आणि न बोलता पुढे जायचे. चर्चचं बँडपथक आलं. पोस्टरवरचा पोशाख सगळ्यांनी इतका मनावर घेतलेला बघून मी मिस डान्सोंकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. त्या पहिल्या रांगेत, एकट्याच निळ्या झग्यात, जरा गोंधळून बसल्या होत्या.

"वाचकांचं तुमच्यावर फारच प्रेम दिसतं," त्या म्हणाल्या.

"असतं आपलं थोडंसं," मी लाजून म्हणाले.

तेवढ्यात गर्दी दुभंगली आणि ओक्येआमे आले. ओक्येआमे म्हणजे आमच्या गावच्या राजाचा शब्द बोलणारे वृद्ध गृहस्थ. हातात सोन्याच्या मुठीची काठी. ते कोणाच्या दारी गेले म्हणजे राजवाडाच आला म्हणायचा. माझ्या पुस्तकासाठी राजवाडा आला होता! मी त्यांना मधली खुर्ची दिली, पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "कसे गेले?"

लेखकाला याहून गोड प्रश्न नाही. मी पुढे सरसावले.

"मीच मारलं."

बँड थांबला. मला वाटलं, माझं ऐकायला थांबला.

"केव्हापासून मनात होतं?" ओक्येआमेंनी अगदी हळू विचारलं.

"खरं तर पहिल्यापासूनच. पण लोकांना ते आवडायला लागले होते, धीर झाला नाही. शिवाय एकदा मारलं की परत आणता येत नाही ना."

"नाही येत," ओक्येआमे म्हणाले. "कशानं?"

"विषानं. आधी बुडवणार होते, पण त्यांना पोहता येतं. विष पोकुआनं सुचवलं."

पोकुआच्या हातातली खुर्ची खाली पडली.

"मला वाटलं, तू पुस्तकासाठी विचारतेयस!" ती किंचाळली.

"पुस्तकासाठीच तर केलं!"

आता मागच्या रांगांतून भुणभुण सुरू झाली. कोणी म्हणालं, कोकोची बाग आता भाचीकडेच जाणार होती. कोणी म्हणालं, बाग तशीही मिळाली असती, एवढी घाई कशाला? एक बाई म्हणाली, असल्या मगरींच्या गोष्टी लिहिणारीच्या डोक्यात काय काय शिजत असेल! दोन धिप्पाड गडी फाटकापाशी जाऊन उभे राहिले. मला काही उमगेना.

आणि फाटकासमोर ट्रोट्रो, म्हणजे आमच्याकडची भाड्याची मिनीबस, थांबली. तिच्यातून एका डोळ्यावर पट्टी बांधलेले आम्पेममामा उतरले.

त्यानंतर झालं ते मी नीट पाहिलं नाही, कारण माझ्या अंगावर दोन बायका पडल्या होत्या. खुर्च्या उलटल्या, ढोल गडगडत विहिरीपर्यंत गेला. मामा मात्र पट्टी सावरत शांतपणे आत आले आणि एका डोळ्यानं सगळीकडे बघून म्हणाले, "अरेरे. कोण गेलं?"

शेवटी ओक्येआमेंनी कमरेला खोचलेलं पोस्टर काढलं. वर मामा, केंटेत, मेलेल्या राजासारखे, म्हणजे नेहमीसारखे बघत होते. खाली महाप्रयाण, शनिवार, काळा-तांबडा. त्याखाली काहीच नव्हतं. कागदाचा तळ साफ नाहीसा झाला होता आणि कडेला दातांच्या खुणा होत्या.

सगळ्यांच्या आधी मी मागे वळून पाहिलं. प्रोफेसर मंडपाच्या खांबाशी उभा होता. त्याच्या हनुवटीवर वाळलेली खळ होती.

मी सगळं सांगितलं. हसत सांगायचा प्रयत्न केला, पण कोणी साथ देईना. ओक्येआमे काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होते.

"मुली," ते म्हणाले, "तुझा हेतू वाईट नव्हता, मान्य. पण जित्या माणसाला तू मेलेला म्हणालीस. साऱ्या गावानं त्याच्यासाठी तांबडं नेसलं. त्याचा आत्मा आज रस्त्यानं येताना हे ऐकत आला असेल. तो बिथरला, तर जबाबदार कोण? तो धुवायला हवा. पांढरं मेंढरू, जिनच्या दोन बाटल्या. दिवस मावळायच्या आत."

"आत्ता आणते," पोकुआ म्हणाली. "बाजारातून दुसरं मेंढरू आणते, माझ्यातर्फे."

"ज्याचा अपराध, त्याच्या घरचं लागतं." ओक्येआमेंनी खांबाकडे पाहिलं. "आणि इथं तर अपराध्याचंच मेंढरू अपराधी आहे. असं जुळून येणं फार दुर्मीळ."

फाटकावरच्या त्या दोघा गड्यांनी प्रोफेसरला दोर लावला. त्याला वाटलं फिरायला नेतायत. तो खुशीत चालू लागला. मी ओक्येआमेंच्या पायाशी बसले. म्हटलं, माझी सगळी पुस्तकं जाळा, मला गावाबाहेर काढा. ते म्हणाले, "पुस्तकांनी आत्मा धुतला जात नाही, बाळ." ते चिडलेले नव्हते, म्हणूनच आशा उरली नव्हती. अंगणाच्या कोपऱ्यात कोणीतरी दगडावर सुरी घासायला बसलं. मी कानांवर हात ठेवले, तरी तो आवाज येतच राहिला.

"जरा ते पोस्टर बघू," मामा म्हणाले. "माझं मरण निदान डोळ्यांनी तरी पाहू द्या. एकच शिल्लक आहे."

त्यांनी कागद हातात घेतला. उजेडासाठी वर धरला, मग खाली धरला, मग आणखी खाली. माझ्या मते फारच खाली. प्रोफेसरनं मान लांबवली. एका घासात मामांचा चेहरा गेला, दुसऱ्यात महाप्रयाण. तो डोळे मिटून चावत राहिला. मी मनात म्हटलं, संपलं. आता दोन मेंढ्यांचा दंड होईल आणि दुसरी मी असेन.

"ओक्येआमे," मामा हेडमास्तरांच्या आवाजात म्हणाले. "मघाशी माझं मरण कुठं होतं?"

"त्या कागदावर."

"आणि आता?"

ओक्येआमेंनी मेंढ्याकडे पाहिलं. "त्याच्या पोटात."

"पोटात. कोंडलेलं." मामांनी मान डोलावली. "तर तुम्ही आता सुरी घेणार, आणि ते पोट फाडणार. चालेल. माझं काही म्हणणं नाही. फक्त बाहेर काय येईल, ते आधी मला सांगा."

सुरीचा आवाज थांबला. गड्यानं हातातला दोर असा सोडला जणू तो तापला होता. ओक्येआमेंच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग विचार आला, आणि शेवटी, मी शपथेवर सांगते, थोडंसं हसू आलं. ते त्यांनी काठीच्या मुठीमागे लपवलं.

"अंडी आणा," ते म्हणाले. "अंड्यांनी धुऊ. जिन तीन बाटल्या. आणि या मेंढराच्या केसालाही कोणी धक्का लावायचा नाही. ते जगेल तोवर आम्पेमचं मरण कुलपात आहे."

मी प्रोफेसरच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले. तो माझी बाही चावत होता. बँडला पैसे दिलेलेच होते, त्यामुळे त्यांनी वाजवायला घेतलं आणि लोक नाचले. माझी पुस्तकं खोक्यातच राहिली. आत्मा धुतल्याच्या दिवशी कोण वाचतं?

निघताना मिस डान्सोंनी मला बाजूला घेतलं. त्यांचे डोळे चमकत होते.

"फ्रेमाताई, रागावू नका. तुमचे तिन्ही भाग मी अगदी शब्दन् शब्द वाचले आहेत. मगरी ठीक आहेत. पण तुमच्या मामांनी आज जे रचलं, माणसाचं मरण जनावराच्या पोटात कोंडलेलं, केवढी ताजी कल्पना! असं काही तुम्ही का नाही लिहीत?"

"बघते प्रयत्न करून," मी खाली मान घालून म्हणाले. मलाही मनातून मामांचा हेवा वाटत होता.

रात्रीच्या जेवणाला मामा थांबले. कसावा कुटून केलेल्या फुफूचा गोळा रश्शात बुडवत असताना मी विचारलं, "मामा, तुम्हाला ते आयत्या वेळी सुचलं कसं?"

मामांचा हात थांबला.

"सुचलं? अगं, तुझ्याच दुसऱ्या भागात नाही का? तो म्हातारा जादूगार आपलं मरण मगरीच्या पोटात लपवतो आणि मग तिला कोणी मारू धजत नाही. चौदावं प्रकरण. मला तर ते सगळ्यात आवडलं होतं."

मी फुफू गिळला. मला तो जादूगार आठवतच नव्हता. जेवण झाल्यावर उठून फळीवरून दुसरा भाग काढला. हाताला हलका लागला. नुसतं पुठ्ठ्याचं कव्हर होतं आणि आत दातांच्या खुणा.

म्हणजे आमच्या गावात दुसरा भाग शेवटपर्यंत संपवलेले दोघं आहेत. एक मामा. दुसऱ्याला मी रोज संध्याकाळी कसावाची सालं घालते, आणि तो जरा खोकला की अख्खं गाव चौकशीला येतं.